अर्जेंटिनाची गाणी: ऐकायची कुठून, पुढे पाठवायची कशी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी ओळखीच्यांना अर्जेंटिनाचं एखादं गाणं पाठवायची मला सवय आहे. गाणी दर वेळी वेगळी असतात, पण उलट येणारे प्रश्न तेच ते. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. नावं शक्यतो तिथल्या उच्चाराजवळ जातील अशी लिहिली आहेत. एकच मोठा अपवाद केलाय, तो प्रश्न ४ मध्ये सापडेल.

१. अर्जेंटिनाचं संगीत म्हणजे टँगोच ना?

टँगो हे बंदराचं संगीत. एका काठावर ब्वेनोस आयरेस, नदीपलीकडे उरुग्वेचं मोंतेविदेओ. या दोन शहरांत ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाढलं, आणि २००९ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेलं तेही दोन्ही देशांच्या नावानं. बंदर सोडून आत गेलात की टँगो मागे पडतो. सांतियागो देल एस्तेरोत चाकारेरा, साल्ता-तुकुमानकडे झाम्बा, बोलिव्हियाच्या सीमेलगत हुहुयमध्ये कार्नावालितो, ईशान्येला कोरिएन्तेसमध्ये चामामे, पाम्पाच्या गवताळ मैदानावर एकट्या गिटारीवरची मिलोंगा, कोर्दोबात क्वार्तेतो. टँगोवर थांबणं म्हणजे नुसती लावणी ऐकून महाराष्ट्राचं संगीत ऐकलं म्हणण्यासारखं आहे. लावणी थोरच, पण ओवी, भारूड, पोवाडा कुठे गेले?

२. 'फोल्क्लोरे' म्हणजे आपली लोकगीतंच का?

इथे हमखास घोटाळा होतो. आपण लोकगीत म्हणतो तेव्हा त्याचा कर्ता माहीत नसतो. अर्जेंटिनात 'फोल्क्लोरे' म्हटलं की बहुतेक वेळा कवीचं नाव असलेलं, संगीतकाराचं नाव असलेलं, ध्वनिमुद्रित झालेलं गाणं समोर येतं. चाल लोकनृत्याच्या घाटातली, पण गाणं कुणीतरी बसून लिहिलेलं.

याची सुरुवात साधारण १९२१ पासून धरतात. सांतियागोचे आंद्रेस चासारेता त्या वर्षी आपल्या प्रांतातले वादक-नर्तक घेऊन राजधानीच्या नाट्यगृहात उतरले. पुढे कामासाठी गावाकडची माणसं लाखांनी ब्वेनोस आयरेसला आली आणि गावची गाणी मागू लागली. साठच्या दशकात तर घरोघरी गिटार आली. कर्ता नसलेलं जुनं गाणंही आहेच, त्यासाठी प्रश्न ७ बघा.

३. काहीच माहीत नाही. पहिली चार-पाच गाणी कोणती ऐकू?

आताउआल्पा युपांकींचं 'लूना तुकुमाना' आधी. एक गिटार, एक आवाज, तुकुमानच्या चंद्रावरचा झाम्बा. मग मेर्सेदेस सोसांच्या आवाजात 'आल्फोन्सिना ई एल मार', मार देल प्लाताच्या समुद्रात १९३८ मध्ये जीव दिलेल्या कवयित्री आल्फोन्सिना स्तोर्नींवरचं. तिसरं 'ला पोमेन्या', त्याची गोष्ट प्रश्न ७ मध्ये आहे. चौथं 'किलोमेत्रो ओन्से', चामामेची ओळख व्हायला. पाचवं टँगोचे संगीतकार आस्तोर पियाझोलांचं 'आदिओस नोनिनो', वडील गेल्याचं कळल्यावर १९५९ मध्ये त्यांनी बांधलेलं.

पाचही एका दमात ऐकू नका. आठवड्याला एक पुरे. 'लूना तुकुमाना' चार वेळा ऐकल्याशिवाय गिटारीतला ठेका कानाला लागत नाही.

४. झाम्बा आणि ब्राझीलचा सांबा एकच का?

नाही. आणि मराठीत हा गोंधळ जास्तच होतो, कारण लॅटिन अमेरिकेतल्या स्पॅनिशमध्ये दोन्हींचा उच्चार जवळपास सारखाच. स्पॅनिश लिहिताना 'झेड' आणि 'एस' ही अक्षरं वेगळी असतात म्हणून तिथे निभावतं. मी देवनागरीत मुद्दाम 'झाम्बा' लिहिते तो याचसाठी, बोलताना 'साम्बा'च म्हणा.

ब्राझीलचा सांबा दोनाच्या ठेक्यातला आणि दमदार. झाम्बा सहाच्या ठेक्यात, संथ, पेरूच्या सामाक्वेका या नाचाच्या घराण्यातला. जोडीनं नाचतात, पण अंगाला अंग लागत नाही. दोघांच्या हातात रुमाल, आणि सगळं बोलणं त्या रुमालानं. तो कधी खांद्यावरून सोडायचा, कधी दोन्ही हातांत ताणून धरायचा, शेवटी जोडीदाराच्या गळ्याभोवती कसा न्यायचा, हे बघायला एखादा नाचाचा व्हिडिओ लावाच.

५. चाकारेरा ऐकताना टाळी चुकते. ताल कसा धरायचा?

एक ते सहा मोजत राहा. आधी १ आणि ४ वर टाळी द्या. हे झालं आपल्या दादऱ्यासारखं, तीन-तीन. आता मोजणं न थांबवता १, ३, ५ वर टाळी द्या, म्हणजे दोन-दोन-दोन. चाकारेरात हे दोन्ही एकाच वेळी चालू असतं. एका वाद्यात दोन ठोके पडतात त्याच वेळात दुसऱ्यात तीन. टाळी चुकते ती दादरा समजून एकच बाजू धरल्यामुळे. मांडीवर एका हातानं दोन आणि दुसऱ्या हातानं तीन असं जमायला मला पंधरा दिवस लागले, तेही बसमध्ये शेजारच्या बाईंच्या नजरा झेलत.

ढोल ऐकू येतो तो बोम्बो लेग्वेरो. लेग्वा म्हणजे सुमारे पाच किलोमीटर. तेवढ्या लांब ऐकू जातो म्हणून हे नाव. सेइबो झाडाचा बुंधा कोरून त्यावर बकऱ्याचं किंवा मेंढीचं केसाळ कातडं ताणतात. एक काठी कातड्यावर, दुसरी लाकडी कडेवर. त्या कडेच्या 'टक'कडे कान ठेवा, ताल तिथून उलगडतो. सेइबो हे आपल्या पांगाऱ्याचं भावंड, तशीच लाल फुलं आणि तसंच हलकं, मऊ लाकूड.

६. गाण्याच्या मध्येच कोण ओरडतं? आणि तेच गाणं पुन्हा सुरू का होतं?

'आदेन्त्रो!' म्हणजे 'आत या'. वाद्यांची सुरावट संपतेय, आता नाच सुरू करा, अशी ही नाचणाऱ्यांना हाक. शेवटच्या कडव्याआधी 'से आकाबा!' ऐकू येतं, म्हणजे संपत आलं. ही गाणी मुळात नाचाची, त्यामुळे सुरावट किती मात्रांची, गिरकी कधी, हे सगळं ठरलेलं असतं. झाम्बा तर दोनदा नाचायचा असतो. 'प्रिमेरा' आणि 'सेगुंदा', म्हणजे पहिला आणि दुसरा भाग, अशी घोषणा होते आणि वाद्यांची सुरावट नव्यानं वाजते. गाणं दोनदा चिकटवलं गेलंय असं वाटून कुणी अर्धं कापून पाठवतं. कृपा करून कापू नका.

७. अगदी जुनं, कर्ता नसलेलं काही ऐकायचंय. कुठे बघू?

वायव्येच्या डोंगरांत. तिथे बागुआला नावाचा प्रकार आहे, तीनच सुरांचा. मराठी वाचकाला हे एका ओळीत सांगता येतं: सा, ग, प. बस्स. सोबत काखा नावाची हातात मावणारी चपटी डफली, आणि दरीपलीकडे पोचावा असा, मध्येच फाटणारा आवाज. पहिल्यांदा ऐकताना गळा बसलाय की काय असं वाटतं. तो आवाज तसाच लावायचा असतो.

शब्द म्हणजे चार ओळींच्या 'कोप्ला'. जात्यावरच्या ओव्यांसारख्या एकीच्या तोंडून दुसरीच्या तोंडी गेलेल्या, आणि गाता गाता नव्याही रचलेल्या. कार्निव्हलच्या दिवसांत कोप्लांचे सामने लागतात. एकानं टाकायची, दुसऱ्यानं तिथल्या तिथे उत्तर द्यायचं. कलगी-तुऱ्याचे फड ऐकलेल्याला यातली गंमत समजावून सांगावी लागणार नाही. साल्ताचे कवी मानुएल कास्तिया अशाच सामन्यात ला पोमा गावच्या एका तरुण मेंढपाळ मुलीकडून हरले. त्या हरण्यातून 'ला पोमेन्या' हा झाम्बा आला. शब्द कास्तियांचे आणि चाल 'कुची' लेगिसामोनची. लेगिसामोन पेशानं वकील होते.

हे सगळं गोळा करत गावोगाव फिरल्या त्या तुकुमानच्या लेदा वायादारेस. त्यांच्या नावानं शोधलंत तर गावातल्या म्हाताऱ्या बायकांचे मूळ आवाज सापडतील. इथूनच सुरुवात मात्र करू नका, आधी प्रश्न ३.

८. बांदोनेऑन म्हणजे हार्मोनियमच का?

चुलत भाऊ म्हणा. दोन्हींत हवेनं थरथरणाऱ्या धातूच्या पट्ट्या असतात. पण पेटीत एक हात भात्यावर आणि एक सुरांवर. बांदोनेऑनमध्ये भाता मधे, दोन्ही बाजूंना बटणं, आणि दोन्ही हातांनी एकाच वेळी ओढायचंही आणि वाजवायचंही. नेहमीच्या वाद्याला ७१ बटणं असतात. खरी मेख पुढे आहे. तेच बटण भाता उघडताना एक सूर देतं आणि मिटताना दुसराच. म्हणजे शिकणाऱ्याला दोन वेगळे नकाशे पाठ करावे लागतात.

वाद्य मूळचं जर्मन. क्रेफेल्डच्या हाइनरिख बांड यांच्यावरून नाव पडलं, आणि टँगोवाले जिवापाड जपतात ती वाद्यंही जर्मनीतूनच आलेली. टँगोबाहेरचा बांदोनेऑन ऐकायचा असेल तर साल्ताचे दिनो सालुस्सी ऐका.

९. मेर्सेदेस सोसांची गाणी त्यांनीच लिहिलेली आहेत का?

त्या गायिका होत्या. बहुतेक गाणी इतरांची, आणि निवड जबरदस्त. 'ग्रासियास आ ला वीदा' चिलीच्या विओलेता पार्रांचं. ते मी एकदा 'सोसांचं, अर्जेंटिनाचं' म्हणून पंचवीस जणांना पाठवलं होतं. एका काकांनी दुरुस्त केलं, तेही महिन्याभरानं. 'आल्फोन्सिना'ची चाल आरिएल रामीरेस यांची आणि शब्द इतिहासकार फेलिक्स लूना यांचे.

सोसा तुकुमानच्या, जन्म ९ जुलै १९३५, तिथल्या स्वातंत्र्यदिनाचा. १९६३ मध्ये मेन्दोसात आर्मान्दो तेखादा गोमेस प्रभृतींनी 'नुएवो कान्सिओनेरो' चळवळ सुरू केली, त्यात त्या होत्या. गाण्यात नुसते डोंगर-नद्या नकोत, आजचा माणूस हवा, असं या चळवळीचं म्हणणं. १९६५ मध्ये कोस्कीनच्या लोकसंगीत महोत्सवात (प्रश्न १३ बघा) आयोजकांना सोसा नको होत्या. गायक होर्खे काफ्रुने यांनी स्वतःच्या वेळात त्यांना मंचावर बोलावलं. स्वतः बोम्बो वाजवत त्या एक गाणं गायल्या आणि देशाला माहीत झाल्या. लष्करी राजवटीत ला प्लाताच्या मैफलीत त्यांना श्रोत्यांसकट पकडलं. १९७९ मध्ये त्या देशाबाहेर गेल्या. फेब्रुवारी १९८२ मध्ये परतून ब्वेनोस आयरेसच्या ओपेरा नाट्यगृहात गायल्या, त्याचं ध्वनिमुद्रण मिळतं. पहिल्या गाण्याआधीच्या टाळ्याही ऐका.

१०. 'पाब्लो देल सेर्रो' कोण? युपांकींच्या गाण्यांवर नाव दिसतं, फोटो कुठेच नाही.

कारण त्या पाब्लो नव्हत्याच. युपांकींच्या पत्नी, 'नेनेत' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फ्रेंच पियानोवादक, पुरुषाच्या टोपणनावानं चाली लावत. 'चाकारेरा दे लास पिएद्रास' आणि 'एल आलासान' त्यांच्या. युपांकी हेही टोपणनावच, मूळ नाव एक्तोर रोबेर्तो चावेरो. पण त्यांच्या टोपणनावाला पुतळे मिळाले. गाणं पुढे पाठवताना दोन्ही नावं लिहा, एवढं मी हट्टानं सांगते.

११. स्पॅनिश येत नाही. यांत्रिक भाषांतर चालेल?

अंदाज येण्यापुरतं चालेल. फक्त काही शब्दांवर ते हमखास आपटतं. 'पागो' म्हणजे पैसे भरणं, पण गाण्यात 'आपला मुलूख'. त्यामुळे 'मी माझ्या मुलखाला परततोय'चं 'मी माझ्या देयकाकडे परततोय' होतं. 'काखा' म्हणजे खोकं, गाण्यात डफली. 'चांगो' म्हणजे वायव्येकडे पोरगा. 'पेन्या' म्हणजे खडक, आणि फोल्क्लोरे गाण्या-नाचण्याची बैठकही. शिवाय सांतियागोच्या गाण्यांत किचुआ आणि कोरिएन्तेसच्या गाण्यांत ग्वारानी या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषांतले शब्द येतात, ते यंत्र स्पॅनिश समजून काहीही ठोकून देतं.

'मिलोंगा'चे तर तीन अर्थ: पाम्पावरचं संथ गिटारगीत, शहरातला टँगोहून चपळ नाच, आणि टँगो नाचायला जमायची जागा. कुठला ते संदर्भावरून ठरवायचं.

१२. शोधताना काहीच सापडत नाही. काय चुकतंय?

देवनागरीत शोधत असाल तर फारसं मिळणार नाही, रोमन लिपी वापरा. अक्षरांवरच्या खुणा गाळल्या तरी चालतं. नुसतं प्रकाराचं नाव टाकू नका, प्रांताचं नाव जोडा. 'चाकारेरा'सोबत 'सांतियागो' टाकलंत की हॉटेलात वाजवायला केलेल्या याद्या बाजूला पडतात. उच्चार ऐकून शोधत असाल तर एक लक्षात ठेवा: ब्वेनोस आयरेसची माणसं 'य'चा 'श' करतात, त्यामुळे निवेदक 'शुपांकी' म्हणाला तर ते युपांकीच.

याद्यांपेक्षा रेडिओ बरा. सरकारी 'नासिओनाल फोल्क्लोरिका' आणि टँगोसाठी ब्वेनोस आयरेस शहराची 'ला दोस पोर क्वात्रो', दोन्ही इंटरनेटवर चालतात.

१३. कोस्कीनचा महोत्सव इथून ऐकता येतो का?

येतो. कोर्दोबा प्रांतातल्या या डोंगरातल्या गावात १९६१ पासून जानेवारीच्या उत्तरार्धात नऊ रात्री तो चालतो. रात्रींना तिथे 'चंद्र' म्हणतात, नऊ चंद्र. सरकारी दूरचित्रवाणीवर प्रक्षेपण असतं, बऱ्याचदा इंटरनेटवरही. अर्जेंटिना आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे, म्हणजे त्यांचे रात्रीचे दहा तेव्हा आपले सकाळचे साडेसहा. दूध उतू जाऊ न देता ऐकायचं, एवढंच पथ्य.

मोठ्या मंचावर जे येतं ते सगळंच चांगलं नसतं. धूर, दिवे, इलेक्ट्रिक गिटार, टाळ्या वाजवा रे. गावातल्या पेन्यांमध्ये पहाटेपर्यंत जे चालतं त्याचे लोकांनी फोनवर घेतलेले व्हिडिओ कितीदा तरी सरस असतात.

१४. चामामे ऐकताना कुणीतरी लांब किंकाळी मारतं. ती काय?

'सापुकाय', ग्वारानी आरोळी. आनंदाची, दुःखाची, आव्हानाची, कशाचीही. चामामेत युरोपातून आलेलं अकॉर्डियन आणि ग्वारानी मुलूख एकत्र येतात. २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत त्याची नोंद झाली. 'किलोमेत्रो ओन्से'ची चाल त्रान्सितो कोकोमारोलांची. ते १९ सप्टेंबर १९७४ ला गेले, आणि कोरिएन्तेसमध्ये तोच चामामेचा दिवस मानतात. आजच्यांपैकी चांगो स्पासियुक ऐका. युक्रेनहून आलेल्या घराण्यातले, त्यामुळे त्यांच्या अकॉर्डियनला आणखी एक वास आहे.

१५. क्वार्तेतो आणि कुम्बिया यांना तिथले रसिक नाक मुरडतात म्हणे. ऐकायचं का?

नक्की ऐका. नाक मुरडणारे टँगोलाही एकेकाळी मुरडतच होते. क्वार्तेतोची जन्मतारीखच सांगतात: ४ जून १९४३, कोर्दोबाच्या रेडिओवर 'क्वार्तेतो लेओ'. लेओनोर मार्सानो या मुलीच्या पियानोतला 'टुंगा-टुंगा' ठेका आजही तसाच आहे. पुढे 'ला मोना' हिमेनेस आणि रोद्रिगो हे गायक आले. रोद्रिगो २४ जून २००० ला मोटार अपघातात गेला. टँगोचे गायक कार्लोस गार्देल विमान अपघातात गेले तो दिवसही २४ जूनच, १९३५ चा. कुम्बिया कोलंबियातून आली, पण गिल्दा या गायिकेची गाणी आता पक्की अर्जेंटिनाची झाली आहेत.

१६. रॉक यात धरायचं का?

तिथे त्याला 'रोक नासिओनाल' म्हणतात, यातच उत्तर आलं. १९६७ च्या 'ला बाल्सा' या गाण्यापासून स्पॅनिश रॉकची वाट मोकळी झाली. १९८२ च्या माल्विनास (फॉकलंड) युद्धात रेडिओवरून इंग्रजी गाणी हटली आणि जागा भरायला घरचीच वाजू लागली. लोकसंगीताकडून यायचं असेल तर लेओन खिएको. त्यांनी ऐंशीच्या दशकात गुस्तावो सांताओलायांसोबत देशाच्या दोन टोकांपर्यंत फिरून स्थानिक वादकांबरोबर ध्वनिमुद्रण केलं.

१७. यादीत चुकून कोणती परकी गाणी शिरतात?

'एल कोन्दोर पासा' पेरूचं. गायक विक्तोर हारा आणि इन्ती-इयिमानी हा गट चिलीचे. 'ला कुम्पार्सिता' हा जगप्रसिद्ध टँगो मोंतेविदेओच्या खेरार्दो मातोस रोद्रीगेसचा. हा विषय ब्वेनोस आयरेसच्या टॅक्सीत काढू नये. उलट बाजूनं, 'एल उमाउआकेन्यो' ऐकून डोंगरातलं पुरातन गाणं वाटतं, पण ते एदमुन्दो साल्दीवार या ब्वेनोस आयरेसच्या माणसानं रचलंय.

१८. जुनी गाणी पुढे पाठवली, कार्यक्रमात गायली तर कॉपीराइटचं काय?

अधिकृत ठिकाणचा दुवा पाठवण्यात अडचण नाही. फाइल पाठवणं वेगळं. भारतात रचनेवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, आणि ध्वनिमुद्रणावरचा प्रकाशनानंतर ६० वर्षं. अर्जेंटिनात कर्त्यानंतर ७०. दोन कर्ते असतील तर शेवटचा कधी गेला ते बघायचं. 'पोर उना काबेसा' या टँगोचे संगीतकार गार्देल आणि कवी ले पेरा एकाच विमानात गेले, त्यामुळे तिथे हिशोब सोपा. युपांकी १९९२ मध्ये गेले, म्हणजे त्यांची गाणी दोन्हीकडे अजून हक्काखाली. 'फोल्क्लोरे' शब्द बघून कर्ता नाही असं समजू नका, प्रश्न २ त्यासाठीच आहे.

एक विचित्र अपवाद: अर्जेंटिनात हक्क संपलेल्या रचनेच्या वापरालाही शुल्क असतं, ते तिथल्या राष्ट्रीय कला निधीकडे जातं. गार्देलांची चाल घेऊन तिथे कार्यक्रम करणार असाल तर आधी चौकशी करा.

१९. चुकीच्या नावानं गाणं आधीच पाठवलंय. आता?

त्याच माणसांना परत पाठवा, बरोबर नावानिशी. मी विओलेता पार्रांच्या वेळी तेच केलं. पंचवीसपैकी अकरा जणांनी तेव्हाच पहिल्यांदा गाणं उघडलं.